एकदा आपणही काट्यावर उभे राहू या



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या सर्वांचे डोळे वजनकाट्याकडे लागतात. भरलेली गाडी किती, रिकामी किती, वजावट किती, याचा हिशेब पावती हातात पडेपर्यंत आपण चारदा करतो. दहा-वीस किलोचा फरक वाटला तरी काट्यावरच्या माणसाशी दोन शब्द बोलल्याशिवाय ट्रॅक्टर पुढे जात नाही. आणि ते बरोबरच आहे, घामाचा माल आहे. पण खरे सांगा, स्वतःचे वजन किती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला तरी वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते.

ते कळायला घरात एक वाईट गोष्ट घडावी लागली. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, त्यांना मधुमेह होता. गोळ्या चालू होत्या, पण खाण्यावर ताबा नव्हता. २०२२ साली खोडव्याला पाणी पाजताना त्यांच्या अनवाणी पायात उसाचा बुडखा घुसला. जुन्या मधुमेहाने पायाची संवेदना कमी होते, त्यामुळे त्यांना ते जाणवलेच नाही. चौथ्या दिवशी वहिनींनी पायाला वास येतोय म्हणून बघितले, तेव्हा जखम काळी पडलेली. आधी तीन बोटे गेली, मग घोट्याच्या वर पाय काढावा लागला. ज्या माणसाने सहा एकर रान पायाखाली घातले, तो आज बांधावर खुर्ची टाकून बसतो. दवाखान्यातून घरी आल्यावर मला जवळ बोलावून दादा एवढेच म्हणाले, “तू तुझं बघ. बांधावर एकच खुर्ची पुरे.”

त्या दिवाळीनंतर मी तपासणी करून घेतली. वजन ८८ किलो, उंची १६५ सेंटिमीटर, पोटाचा घेर १०६ सेंटिमीटर. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी रक्तातील साखर ७.४. डॉक्टरांनी कागद बघितला आणि विचारले, “काका, उसाला युरिया कसा टाकता?” मी म्हटले, माती तपासून, मात्रेप्रमाणे. “मग पोटाला काय म्हणून मोजमाप नाही?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्या भागात जादा पाणी पाजून जमिनी क्षारपड झालेल्या आपण डोळ्यांनी बघितल्या आहेत. पाणी वाईट नव्हते, जादा होते. शरीराचेही तसेच झाले.

काम गेले, जेवण तेवढेच राहिले

आमच्या वडिलांच्या जेवणात तीन-चार भाकरी, वर वाटीभर कालवण, रात्री पुन्हा तेवढेच. तरी अंगावर मूठभर मांस नव्हते. आम्ही जेवायला तेच शिकलो. पण वडील पहाटे मोट धरायचे, दिवसभर नांगरामागे चालायचे, बाजाराला पायी जायचे. आज मोटारीचे बटण दाबले की पाणी, ठिबकची कळ फिरवली की खत, आणि शेतावर जायचे तर मोटारसायकल. अर्धा किलोमीटरवरच्या दूध डेअरीलाही आपण किक मारूनच जातो.

अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकात मोजतात. डॉक्टर ज्याला कॅलरी म्हणतात, ते हेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जी प्रमाणे दिली, त्यात ६५ किलो वजनाच्या, अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३,४७० उष्मांक लागतात. मध्यम काम असेल तर २,७१०, आणि बैठे काम असेल तर २,११०. बाईमाणसांसाठी, वजन ५५ किलो धरून, हेच आकडे अनुक्रमे २,७२०, २,१३० आणि १,६६० आहेत. म्हणजे जड काम सुटून बैठे काम आले की पुरुषाची गरज साडेतेराशे उष्मांकांनी उतरते. आपले काम बैठे झाले, ताट मात्र मोटेच्या काळातले राहिले. ही वरची शिल्लक कुठे जाते, ते शर्टाची खालची बटणे सांगतात.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. हा लेख आपल्या ऊसतोडीला येणाऱ्या मजुरांसाठी नाही. पहाटे चारला उठून कोयता चालवणारी, डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरणारी ती माणसे पोटभर जेवायलाच हवीत, आणि पुष्कळदा त्यांनाच पुरेसे मिळत नाही. कमी खायचे ते आपण, बांधावर उभे राहून त्यांच्याकडे बघणाऱ्यांनी.

पोटाचा घेर आणि पुण्याचे डॉक्टर

आमचा एक भाचा म्हणतो, “मामा, मी कुठं जाड आहे? नुसतं पोटच तर सुटलंय.” त्याला सांगितलेली गोष्ट इथे लिहितो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचेही उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे होते. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. आपल्या माणसांच्या हातापायांच्या काड्या असल्या तरी आत चरबी साठलेली असते, आणि पोटाभोवतीची चरबी मधुमेहाला आवतण देते. म्हणून आपल्याकडे पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ धरतात. शिंप्याची मोजपट्टी घ्या, श्वास आत न ओढता मापा. फसवायचे तर स्वतःलाच फसवाल.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबऱ्यावर उभे आहेत. हा शहरातल्या शेठ लोकांचा रोग राहिलेला नाही. तो ट्रॅक्टरवर बसून गावात आलेला आहे.

पहिला प्रयत्न फसला

डॉक्टरांकडून आलो तो तावातच आलो. दुसऱ्या दिवसापासून एकवेळ जेवण बंद. सकाळी नुसता चहा, दुपारी दोन घास, रात्री काही नाही. आठ दिवस रेटले. डोके दुखायचे, सूनबाईवर विनाकारण ओरडायचो. नवव्या दिवशी पाहुण्यांच्यात लग्न होते. पंगतीला बसलो आणि आठ दिवसांचे एका बैठकीत भरून काढले. एकादशीचेही तसेच. उपास म्हणून शेंगदाण्याचा कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी तुपात परतून खायची, वर बटाट्याचा चिवडा, वर राजगिऱ्याचे लाडू. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच केलेली नाही.

मग डॉक्टरांनी सांगितले ते पटले. खर्च जमेपेक्षा थोडा जास्त ठेवायचा, पण रोज ठेवायचा. अंगावरच्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक साठलेले असतात. रोज ५०० उष्मांक कमी घेतले तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वजन उतरते. यापेक्षा घाई करू नये. बिगरसिंचनाच्या रानात एकदम पीक काढायला गेले तर काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे.

खिशातल्या वहीने काय दाखवले

पंधरा दिवस मी काहीच बदलले नाही. फक्त जे खाल्ले ते, ऊस नोंदीसारखे, खिशातल्या वहीत लिहिले. चोरी लगेच सापडली.

पहिली चोरी चहाची. घरी दोन, डेअरीवर एक, सोसायटीत एक, गट ऑफिसात एक, तालुक्याला गेलो की दोन, संध्याकाळी पारावर एक. आठ कप, कपाला दोन चमचे साखर. चमचाभर साखर म्हणजे ५ ग्रॅम, म्हणजे २० उष्मांक. नुसत्या चहातली साखर दिवसाला ८० ग्रॅम, ३२० उष्मांक. म्हशीचे दूध वेगळे.

दुसरी चोरी तेलाची. आमच्या सहा माणसांच्या घरात १५ किलोचा डबा चाळीस दिवसांत रिकामा व्हायचा. माणशी दिवसाला साठ ग्रॅमच्या वर. साखर किंवा पिठाच्या एका ग्रॅमला ४ उष्मांक, पण तेला-तुपाच्या एका ग्रॅमला ९. म्हणजे साडेपाचशे उष्मांक नुसत्या तेलातून. रश्शावर बोटभर तवंग आल्याशिवाय आपल्याकडे कालवण झाले असे कुणाला वाटतच नाही.

तिसरी चोरी तोंडात टाकायची. हरभरे-फुटाणे ठीक, पण शेव-फरसाण, भजी, बसस्टँडवरचा वडापाव, आणि येता-जाता मूठभर शेंगदाणे. शेंगदाणा वाईट नव्हे, पण मूठभरात, म्हणजे तीसेक ग्रॅममध्ये, पावणेदोनशेच्या जवळपास उष्मांक असतात. एक मूठ म्हणता म्हणता तीन होतात.

चौथी चोरी आमच्या मंडळींनी स्वतः कबूल केली. त्या सगळ्यांच्या मागून जेवतात. पातेल्यात राहिलेला भात, नातवाने टाकलेली अर्धी पोळी, “टाकवत नाही” म्हणून पोटात ढकलतात. शेणखताच्या खड्ड्यात जाण्यापेक्षा पोटात गेलेले बरे, असे त्यांना वाटायचे. मी म्हटले, “अगं, पोट म्हणजे काय खड्डा आहे?” त्यानंतर आमच्याकडे स्वयंपाकच मापात होतो आणि सगळे एका पंगतीला बसतात. त्यांचेही सात किलो उतरले आणि गुडघ्याची कुरकूर कमी झाली. वजन एक किलो उतरले तर चालताना गुडघ्यावरचा भार पावलामागे चार किलोने हलका होतो, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनीच घरात जास्त मनावर घेतले.

मग काय बदलले

चहा तीनवर आणला, कपाला अर्धा चमचा साखर. पहिले दहा दिवस काढा प्याल्यासारखे वाटले, नंतर जिभेला सवय झाली. तेलाचा डबा ऐंशी दिवस पुरवायचा असे सूनबाईने ठरवले आणि पुरवलाही. तेल सरळ डब्यातून न ओतता आठवड्याचे मापून बरणीत काढते, बस्स. रश्शाचा तवंग पळीने बाजूला करते.

ताट तेच राहिले, त्यातली वाटणी बदलली. आधी काकडी, मुळा, गाजर, कांदा, मेथीचा पाला, असे वाडगाभर कच्चे खायचे. मग मटकी, हुलगा, चवळी यांची उसळ किंवा घट्ट वरण. डाळी-कडधान्यांनी पोट भरल्यासारखे लवकर वाटते आणि जास्त वेळ राहते. त्याबरोबर तीनच्या जागी दोन भाकरी, भात दिवसातून एकदाच, लहान वाटीभर. लोणी काढलेले ताक. अंडी आणि मासे चालतात, मटण आठवड्यातून एकदा, चार फोडी. जेवण सावकाश, टी.व्ही. बंद ठेवून. रात्री आठच्या आत हात धुवायचे.

आणि चालणे. डेअरीला पायी, शेतावर पायी. मोटारसायकलची चावी मुलाकडे दिली. तासभर झपाट्याने चालले तर माझ्या वजनाच्या माणसाचे अडीचशेच्या आसपास उष्मांक खर्च होतात. पण इथे एक गोम आहे. चालून आलो म्हणून वाटेत एक वडापाव खाल्ला, तर चालणे फुकट गेले. चालण्याने तब्येत सुधारते, वजन मात्र मुख्यतः ताटातच उतरते.

दर सोमवारी सकाळी, उपाशीपोटी, काट्यावर उभे राहायचे आणि वहीत लिहायचे. पहिल्या तीन महिन्यांत सहा किलो उतरले. मग ७९ वर काटा जो अडकला तो सात आठवडे हलेना. मी वैतागलो. डॉक्टर म्हणाले, हे सगळ्यांचेच होते. शरीर हलके झाले की त्याची गरजही कमी होते, आणि आपला हातही नकळत सैल सुटतो. पुन्हा पंधरा दिवस वही लिहिली, तर चार चहा झालेले आणि शेंगदाणे परत आलेले. ते आवरले. दहा महिन्यांनी, २०२३ च्या गणपतीत, वजन ७४ भरले. घेर ९३. साखर ६.१, गोळी अर्ध्यावर. आज वजन ७५ आहे. रेघेच्या आत अजून आलो नाही, पण दादांच्या वाटेवरून मागे फिरलो आहे, एवढे समाधान आहे.

घरात आलेले पोते

आता अवघड विषय. साखर कारखान्याच्या अंकात साखर कमी खा म्हणून लिहायचे, हे काही जणांना रुचणार नाही. परंतु आपल्या उसाचा भाव आपण घरात किती साखर खातो यावर ठरत नाही. आज उसापासून वीज होते, इथेनॉल होते, आणि साखरेचाही मोठा हिस्सा बिस्किटे, मिठाई, थंड पेये करणाऱ्यांकडे जातो. सभासदाने पाय गमावून कारखान्याचा फायदा होत नाही.

सवलतीची साखर घरात आली की हात सैल सुटतो, हा माझा अनुभव. पन्नास किलोचे पोते आमच्याकडे सहा महिन्यांत संपायचे. सहा माणसांत वाटले तर माणशी दिवसाला ४६ ग्रॅम, बाहेरचा चहा सोडून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली ठेवा, आणि पाच टक्क्यांखाली, म्हणजे साधारण २५ ग्रॅमपर्यंत, आणली तर अधिक बरे, असे सांगितले. आम्ही तेच पोते आता वर्षभर पुरवतो. माणशी २३ ग्रॅम झाले. सणाला पुरणपोळी होते, लाडू होतात, काही अडत नाही.

“आम्ही गूळ खातो, साखर नाही,” असे म्हणणारेही पुष्कळ. गुळात थोडे खनिज असेल, पण उष्मांक जवळजवळ तेवढेच आणि रक्तातील साखर तोही वाढवतोच. उसाचा रसही तसाच. ग्लासभर रस म्हणजे पाच-सहा चमचे साखर. गुऱ्हाळावर पाहुण्याला जरूर द्यावा, रोज स्वतः पिऊ नये.

दोनदा जेवावे की सहादा?

यावर आपल्या महाराष्ट्रात मोठे वाद झाले. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवा असे सांगितले आणि लाखो लोकांपर्यंत ते पोचले. दुसरीकडे दर दोन तासांनी थोडे थोडे खा म्हणणारेही आहेत. २०२२ साली चीनमधील ग्वांगझौ येथील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १३९ लठ्ठ माणसे घेतली, सर्वांचे उष्मांक कमी केले. निम्म्यांना सकाळी आठ ते दुपारी चार यातच जेवायला सांगितले, निम्म्यांना वेळेचे बंधन नव्हते. वर्षाने दोन्हींकडे वजन उतरले, आणि दोहोंत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. माझ्या अडाणी बुद्धीला यातून एवढेच कळते की ज्याला जी पद्धत वर्षानुवर्षे पाळता येईल ती त्याची. मला तीन वेळा जमते, आमच्या भाच्याला दोन वेळा जमते. चोरून खाल्ले तर दोघेही फसतो.

हे मात्र सांभाळा

ज्यांना इन्सुलिन चालू आहे किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत, त्यांनी आपल्या मनाने जेवण एकदम कमी करू नये. औषध तेवढेच आणि जेवण अर्धे, असे झाले तर रक्तातील साखर धोक्याइतकी उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस शुद्ध हरपतो. आधी डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा बदलून घ्यावी, आणि खिशात चार दाणे साखर नक्की ठेवावी. तेवढ्यापुरती ती औषध आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढती मुले, क्षय किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेले रुग्ण, यांनी हा मार्ग धरू नये. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रानात अनवाणी जाऊ नये, रोज रात्री तळपाय दिव्याखाली धरून बघावेत. आमच्या दादांनी एवढे केले असते तरी पाय वाचला असता.

शेवटी एक विनंती

या सगळ्यात भुकेपेक्षा मला जास्त छळले ते आग्रहाने. “काय पाटील, आमच्या घरचा चहा चालत नाही का?” हा प्रश्न मी शंभरदा ऐकला. आपल्याकडे नको म्हणणे म्हणजे अपमान. प्रेमापोटीच माणूस वाढतो, पण त्या प्रेमाने समोरच्याचा पाय जाऊ शकतो, हे आता ओळखले पाहिजे.

म्हणून सुचवतो. गट ऑफिसात, सोसायटीत, दूध डेअरीवर आणि आपल्या वार्षिक सभेत चहा बिनसाखरेचा करावा आणि साखर वेगळ्या वाटीत ठेवावी. ज्याला हवी तो घालून घेईल, खर्च काही नाही. आणि येत्या हंगामात उसाची पहिली गाडी काट्यावर जाईल त्याच आठवड्यात प्रत्येकाने घरातल्या सगळ्यांची वजने आणि पोटाचे घेर मापून पावतीसारखे लिहून ठेवावे.

हे लिहिलेले मी आधी दादांना वाचून दाखवले. त्यांच्याविषयीचे छापावे की नाही, असे विचारले. ते म्हणाले, “छाप. नाव घालू नको, पण पाय घाल.”

जय सहकार!

— एक ऊस उत्पादक सभासद